यंत्र थांबविण्याचा अधिकार : मुंबई व साष्टी परिसरातील औद्योगिक सुरक्षिततेच्या इतिहासातील एक धागा

१

गोडदेव हे ठाणे जिल्ह्यातील, साष्टी बेटाच्या उत्तर टोकाकडील, भाईंदर पूर्वेचे एक जुने गाव होय. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपरिषद अस्तित्वात आली, २००२ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले, आणि या अवधीत गावाभोवतालची मोकळी जमीन इमारतींनी व औद्योगिक गाळ्यांनी व्यापून टाकली. मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत असता शहराच्या उत्तर सीमेबाहेर जी लहान कारखानदारी वाढली, तिच्यातील एक मोठा भाग या पट्ट्यात आहे. भाईंदरच्या स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा धंदा सर्वांच्या परिचयाचा आहे. पत्र्याची गोल चकती कापावयाची, प्रेसखाली तिला आकार द्यावयाचा, कड वळवावयाची आणि शेवटी फिरत्या चाकावर पॉलिश करावयाचे, असा हा क्रम आहे. यातील प्रत्येक टप्प्यावर माणसाचा हात यंत्राच्या अगदी निकट जातो.

अशा गाळ्यातील अपघातांचा विचार करताना दोन उत्तरे सहज सुचतात. कामगार निष्काळजी असतो, हे मालकाचे उत्तर. यंत्राला संरक्षक जाळी नसते, हे निरीक्षकाचे उत्तर. दोन्हींत तथ्य आहे, परंतु दोन्ही अपुरी आहेत. जाळी असते, पण काढून ठेवलेली असते. कामगारास धोका ठाऊक असतो, तरीही तो हात आत घालतो. हे का घडते, याचा शोध घेऊ लागले की आपण यंत्रापासून माणसांच्या परस्परसंबंधांकडे येतो. काम थांबविण्याचा अधिकार कोणास आहे, तो वापरल्यास त्याचे काय होते, आणि त्याचा शब्द कोण मानतो, हे खरे प्रश्न आहेत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या आधारे मुंबईच्या औद्योगिक इतिहासातील काही प्रसंग तपासावयाचे आहेत.

‘सुरक्षा-संस्कृती’ हा शब्दप्रयोग तसा अलीकडचा. १९८६ साली चेर्नोबिलच्या अणुकेंद्रात अपघात झाला, त्यानंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने केलेल्या विवेचनातून तो रूढ झाला. परंतु शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. खुद्द भाईंदर परिसरातील मिठागरांचे उदाहरण घेतले तरी हे ध्यानात येईल. खाडीकाठी मिठागर किंवा खारजमीन राखावयाची तर बांध शाबूत हवा, उघाडी वेळेवर लावली गेली पाहिजे आणि उधाणाच्या भरतीस कोणीतरी जागे असले पाहिजे. बांधाला खांड पडू लागली की ज्याच्या दृष्टीस ती प्रथम पडेल त्याने हाक मारावयाची आणि बाकीच्यांनी हातातले काम टाकून धावावयाचे. तेथे हुद्दा पाहत बसण्यास भरती वेळ देत नाही. मिठागरातील जीवन सुखाचे होते असे मुळीच म्हणावयाचे नाही. खाऱ्या पाण्यात अनवाणी राबणाऱ्यांच्या पायांची दशा पाहिलेला मनुष्य तसे म्हणणार नाही. मुद्दा एवढाच की तेथे धोका सर्वांना एकाच वेळी दिसत असे व सर्वांचे हित त्यात गुंतलेले असे. कारखान्यात धोका एकास असतो आणि हित दुसऱ्याचे असते.

२

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची उभारणी आरंभिली व १८५६ साली ताडदेव येथे ती सुरू झाली. पुढील वीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १८७५ साली मुंबई सरकारने आयोग नेमला. त्याच्या बहुमताने कायद्याची आवश्यकता नाही असा निर्वाळा दिला. कायद्याची मागणी करणाऱ्यांत लँकेशायरचे गिरणीमालकही होते व त्यांचा हेतू निव्वळ भूतदयेचा नव्हता, हे खरे. पण सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखे मुंबईकर गृहस्थही कायद्यासाठी झटत होते, याचा विसर पडू देऊ नये. अखेर १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. शंभर किंवा अधिक मजूर असलेल्या कारखान्यांस तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याची बंदी, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा, धोकादायक यंत्रांभोवती कुंपण आणि अपघातांची वर्दी, या त्यातील मुख्य तरतुदी होत.

या कायद्याची दृष्टी यंत्रावर खिळलेली होती. त्या काळच्या गिरणीत एकच वाफेचे इंजिन असे. त्याची गती लांबच लांब दांड्यावरून व चामडी पट्ट्यांवरून प्रत्येक साच्यापर्यंत पोहोचविली जाई. कामगार आपल्यापुरता पट्टा मोकळ्या चाकावर सरकवू शके; परंतु दांडा अखंड फिरतच राही. कोणाचे धोतर वा हात पट्ट्यात सापडला तर संपूर्ण गती थांबविण्यासाठी इंजिनखोलीपर्यंत निरोप जावा लागे. आता यात मजुरीच्या पद्धतीची भर घाला. साचेखात्यातील विणकरास कामाच्या मापावर मजुरी मिळे. साचा थांबवून साफ केला तर जितका वेळ जाईल तितकी मजुरी बुडे. चालत्या साच्यावरच फडका फिरविला तर बुडत नसे. नियम एक सांगत असे आणि पगाराचा दिवस दुसरे सांगत असे.

या दोहोंच्या मध्ये उभा होता तो जॉबर. मजुरास कामावर घेणारा तोच, काढणारा तोच, अडचणीत कर्ज देणारा तोच, आणि या सर्वांबद्दल दस्तुरी घेणाराही तोच. पुष्कळदा तो मजुराच्याच गावचा वा जातीचा असे. युरोपियन वा पारशी अधिकाऱ्याची भाषा मजुरास कळत नसे, मजुराची अडचण अधिकाऱ्यास कळत नसे. खात्यावरील प्रत्यक्ष सत्ता त्यामुळे जॉबरच्या हाती एकवटली. आधुनिक व्यवस्थापनशास्त्र ज्यास नेतृत्व म्हणते ते मुंबईच्या गिरणीत मालकाच्या दिवाणखान्यात शोधून सापडणार नाही. ते साच्यांच्या रांगांमधील अरुंद वाटेवर होते. जॉबरची किंमत उत्पादनावर ठरत होती. त्याच्या खात्यात एखाद्याचे बोट गेले तर दारात उभा असलेला बदली कामगार त्याची जागा घेण्यास तयारच असे. जखमी मनुष्य गावी परत जाई आणि त्याच्याबरोबर त्या अपघाताची आठवणही खात्यातून निघून जाई. कोणतीही संस्था आपल्या चुकांपासून शिकावयाची तर त्या चुकांची स्मृती तिच्यात राहावी लागते. बदलीच्या पद्धतीने नेमकी तीच पुसली जात होती.

३

नारायण मेघाजी लोखंडे यांचे कार्य या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. साप्ताहिक सुटीचे प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव सर्वज्ञात आहे, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली हा त्या चळवळीचा विजय होय यात शंका नाही. तथापि सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे भरलेल्या मजुरांच्या सभांत संमत झालेला आणि सुमारे ५,५०० मजुरांच्या सह्यांनिशी सादर झालेला अर्ज पाहिला तर सुटीखेरीज आणखी एक मागणी नजरेस येते. काम करताना जखमी झालेल्या मजुरास बरा होईपर्यंत पुरी मजुरी मिळावी, आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती.

इतिहासकारांनी या मागणीकडे दयेची याचना म्हणून पाहिले तर तिचा खरा अर्थ हातचा निसटेल. अपघाताचा खर्च आजवर मजुराच्या घरावर पडत होता. तो गिरणीच्या वहीत लिहिला जावा, असे ही मागणी सांगत होती. एकदा तो तेथे लिहिला गेला की जॉबरच्या उत्पादनाचा हिशेबही बदलणे भाग होते. ‘दीनबंधू’चे संपादन करणाऱ्या आणि स्वतः गिरणीत कारकुनी केलेल्या लोखंड्यांस वहीचे हे सामर्थ्य ठाऊक असावे, असे मानण्यास हरकत नाही.

कायद्याने ही मागणी मान्य करण्यास १९२३ साल उजाडले. त्या वर्षीच्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापूर्वी जवळजवळ चाळीस वर्षे लोटली होती. लोखंडे १८९७ सालीच प्लेगच्या साथीत मृत्यू पावले होते.

या मधल्या काळात एका ठिकाणी मात्र ती अंशतः प्रत्यक्षात उतरली होती. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपूर येथे एम्प्रेस मिल सुरू केली व तिची व्यवस्था बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे सोपविली. मेहता हे रेल्वेच्या मालखात्यातून आलेले. कापडाच्या धंद्याचा त्यांस पूर्वानुभव नव्हता. या गिरणीत हवा दमट राखण्याची आणि आग विझविण्यासाठी छतातून पाण्याचे फवारे सोडण्याची यंत्रणा बसविली गेली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला, आणि १८९५ पासून अपघाताबद्दल भरपाई देण्यास आरंभ झाला. कायद्याच्या अठ्ठावीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. नागपुरास मजूर टिकत नसत. प्रारंभी दररोज सुमारे एक पंचमांश मजूर गैरहजर असत. शिकलेला हात टिकवून धरणे हा मालकाचाही स्वार्थ होता. मुंबईत बदली कामगार दाराशी उभा असल्याने तो स्वार्थ उत्पन्नच झाला नाही. टाटा-मेहतांच्या दूरदृष्टीचे श्रेय यामुळे कमी होते असे नाही. एकाच प्रकारची यंत्रे आणि एकच कायदा असताना दोन शहरांतील गिरण्यांची रीत भिन्न का झाली, हे मात्र त्यावरून उमगते. तरीही एम्प्रेस मिलमध्ये जे मिळाले ते मालकाने दिलेले होते. यंत्र थांबविण्याचा अधिकार तेथेही मजुराकडे आला नव्हता.

जॉबरच्या सत्तेवर पहिला खरा आघात केला तो व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगाने. १९३१ च्या त्याच्या अहवालात जॉबरच्या हातून भरतीचा अधिकार काढून घ्यावा व मजूर अधिकारी नेमावेत अशी शिफारस होती. मुंबईत १९३४ च्या कायद्याने सरकारी मजूर अधिकारी आला आणि १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू केली. भरतीत सुधारणा झाली. खात्यावरील दैनंदिन सत्ता मात्र पुढेही पुष्कळ काळ जॉबरकडेच राहिली.

४

गिरणीतील अपघात एकएकटे घडत, म्हणून ते दिसत नसत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत जे घडले ते सबंध शहराने ऐकले. ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी रोजी इंग्लंडमधील बर्कनहेड येथून निघाले होते. त्यावर सुमारे १,४०० टन दारूगोळा व स्फोटके होती आणि सोन्याच्या लगडीही होत्या. कराचीस काही माल उतरविल्यावर रिकाम्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या, तेलाची पिंपे, लाकूड, गंधक इत्यादी माल भरण्यात आला. कप्तान नेस्मिथ यांनी या भरतीस हरकत घेतली होती. परंतु युद्धकाळ होता, जहाजांची टंचाई होती, आणि त्यांची हरकत बाजूस सारली गेली. दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरात खाली कापूस आणि वर स्फोटके, अशी रचना झाली.

१२ एप्रिल रोजी जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. स्फोटके असलेल्या जहाजाने तांबडे निशाण लावावयाचे असते. ते लावलेले नव्हते. असा माल तातडीने उतरवून घ्यावयाचा असतो. त्यासाठी लागणारे पडाव वेळेवर आले नाहीत. युद्धाच्या घाईमुळे असली जहाजे गोदीच्या आत येऊ देण्याची सवलत आधीच दिली गेली होती. यांपैकी एकही गोष्ट त्या दिवसापुरती घडली नव्हती. नियम एकदा सैल झाला आणि काही अनर्थ झाला नाही, म्हणून तो दुसऱ्यांदा सैल झाला. अशा रीतीने सवलतीचीच वहिवाट बनली.

१४ तारखेस दुपारी जेवणाच्या सुटीच्या सुमारास शेजारच्या जहाजांवरील काही लोकांनी ‘फोर्ट स्टिकीन’च्या वायुमार्गातून धुराची रेघ निघताना पाहिली. कोणी इशारा दिला नाही. जहाज आपले नव्हते, आणि ज्याचे होते त्यास ठाऊक असेलच, असे त्यांनी गृहीत धरलेले दिसते. सुटीनंतर गोदी कामगार तळघरात उतरले तेव्हा आग उघडकीस आली. दोन वाजल्यापासून चार वाजेपर्यंतचे दोन तास हा या इतिहासाचा गाभा आहे, म्हणून त्यांच्यापाशी थोडे थांबावयास हवे.

या दोन तासांत धक्क्यावर जाणकारांची वाण नव्हती. अग्निशमन दल आले होते आणि तळघरात पाण्याचे लोट सोडीत होते. दारूगोळ्याची माहिती असलेला लष्करी अधिकारी उपस्थित होता. जहाज बुडवावे असे त्याचे मत होते. गोदीचे व्यवस्थापक आले. जहाज ओढून समुद्रात न्यावे असे त्यांचे म्हणणे होते. गोदीतील पाणी इतके खोल नव्हते की जहाज बुडविले असता वरच्या मजल्यावरील स्फोटके पाण्याखाली जातील. आणि जहाज बाहेर न्यावयाचे तर वाटेत स्फोट झाल्यास काय, हाही प्रश्न होता. कप्तानाचा अधिकार जहाजापुरता, बंबवाल्यांचा आगीपुरता, व्यवस्थापकाचा गोदीपुरता आणि लष्करी अधिकाऱ्याचा सल्ल्यापुरता. प्रत्येकाने आपल्या कक्षेत योग्य वाटले ते केले. सर्वांचे मिळून काय करावयाचे हे सांगण्याचा अधिकार कोणापाशीही नव्हता. आणि अधिकार नसताना तो हाती घेण्याची रीत त्या व्यवस्थेने कोणास शिकविली नव्हती. गोदी रिकामी करण्याचा हुकूमही सुटला नाही. आजूबाजूच्या जहाजांवर व धक्क्यांवर शेकडो माणसे काम करीत होती वा मौजेने आग पाहत होती.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. पहिल्या स्फोटाचा हादरा सिमला येथील भूकंपमापकावर नोंदला गेला. मृतांची संख्या आठशे ते तेराशे यांच्या दरम्यान धरली जाते; अग्निशमन दलाचे ६६ जवान कामगिरीवर असतानाच मृत्यू पावले. गोदीलगतच्या वस्तीतील हजारो कुटुंबे बेघर झाली. चौकशी आयोगाने कारस्थानाची शंका निराधार ठरविली. आग अपघाताने, बहुधा धूम्रपानाच्या निष्काळजीपणातून लागली असावी असा निष्कर्ष काढला, आणि मालाची रचना व परिस्थितीचे गांभीर्य न ओळखले जाणे यांवर बोट ठेवले. पुढील काळात १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जाऊ लागला.

लोकस्मृतीत या घटनेतील सोन्याच्या लगडीच अधिक उरल्या आहेत, हे थोडे विषादाचे आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने त्या तळघरात उतरलेल्या कामगारांचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. मुंबईच्या गोदीत त्या काळी मजूर टोळीवाल्यामार्फत रोजंदारीवर येत. कालपर्यंत दुसऱ्या जहाजावर असलेला मनुष्य आज या जहाजावर आला. त्यास या तळघरात काय भरले आहे हे कोणी सांगितले असेल काय? तांबडे निशाण ज्याच्यासाठी असते तो हाच मनुष्य. गिरणीतील जॉबर आणि गोदीतील टोळीवाला ही दोन निरनिराळी नावे असली, तरी माहिती व अधिकार यांपासून मजूर दूर ठेवण्याचे कार्य दोघांच्या हातून सारखेच झाले. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या नियमनाचा कायदा झाला व १९५१ मध्ये मुंबईत गोदी कामगार मंडळ आले, त्यानंतर टोळीवाल्याचे प्रस्थ मोडू लागले.

५

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांचा प्रवास सर्वांस परिचित असल्याने तो येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. १९४८ चा कारखाना कायदा, ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद, हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आवश्यक करणारी १९७६ ची दुरुस्ती, एवढ्या टप्प्यांचा उल्लेख पुरे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे ती भोपाळनंतर आलेली १९८७ ची दुरुस्ती. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती असावी, आणि जीवितास तातडीचा धोका आहे असे कामगारास सार्थपणे वाटल्यास त्याने तो वरिष्ठांच्या निदर्शनास आणण्याचा त्यास हक्क असावा, असे तीत म्हटले गेले. १८८१ पासून एकशे सहा वर्षांनी कायद्याची नजर यंत्रावरून कामगाराच्या शब्दावर आली. तो शब्द ऐकल्यावर वरिष्ठाने तत्काळ उपाय करावयाचा, किंवा धोका नाही असे वाटल्यास प्रश्न निरीक्षकाकडे पाठवावयाचा. काम थांबविण्याचा निर्णय अद्याप वरिष्ठाचाच. पण गप्प राहण्याची सोय त्यास उरली नाही.

गोडदेवच्या गाळ्यात परत आल्यावर या सर्वांतील किती भाग तेथवर पोहोचतो, हे पाहावयास हवे. १९४८ च्या कायद्याने मुळात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा कामगारांची मर्यादा घातली होती. व्यावसायिक सुरक्षिततेविषयीच्या २०२० च्या संहितेत ती वीसवर नेण्यात आली. एका गाळ्यात सहा, शेजारच्या गाळ्यात सात, आणि दोन्हींचा धनी एकच, अशी मांडणी करणे लहान धंद्यात कठीण नसते. १८८१ चा कायदा शंभरांखालील कारखान्यास शिवत नव्हता, याची येथे आठवण होते.

प्रेसच्या रचनेतही एक मर्म आहे. जुन्या पद्धतीच्या यांत्रिक प्रेसला पायाने दाबावयाचे पेडल असते. एकदा ते दाबले आणि क्लच गुंतला की चाक पुरा फेरा घेतल्यावाचून राहत नाही. मध्येच थांबविणे कोणाच्याच हाती नसते. म्हणजे थांबविण्याचा क्षण असतो तो पाय खाली जाण्यापूर्वीचा. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज यंत्र न चालण्याची सोय करता येते. डायभोवती जाळी बसविता येते. दोन्ही उपाय स्वस्त आहेत आणि दोन्हींमुळे तासाला निघणाऱ्या नगांची संख्या घटते. नगावर मजुरी असलेला कारागीर जाळी काढतो, हे दृश्य साचेखात्यातील चालत्या साच्यावर फडका फिरविणाऱ्या विणकराहून मुळीच वेगळे नाही. फरक आहे तो मालकाच्या स्थानात. गिरणीचा धनी खात्यापासून कोसभर दूर होता. गाळ्याचा धनी पुष्कळदा त्याच छपराखाली, यंत्रापासून दहा पावलांवर बसलेला असतो. जाळी काढलेली त्यास दिसते, आणि तो काही बोलला नाही तर त्याचे न बोलणे हाच तेथील नियम ठरतो. उलट, त्याने एकदा जरी जाळीवाचून चाललेले यंत्र स्वतः उठून बंद केले आणि त्या दिवसाची मजुरी कापली नाही, तरी त्या गाळ्याची रीत बदलू शकते. लहान कारखान्यातील नेतृत्व हे असे प्रत्यक्ष डोळ्यांसमोरचे असते. जेथे धनी गाळा ठेकेदारास देऊन मोकळा होतो, तेथे मात्र जॉबर नव्या नावाने परत आलेला असतो.

या लहान कारखानदारीचा इतिहास लिहावयाचा तर गिरणीमालक संघाच्या वार्षिक अहवालांसारखी साधने उपलब्ध होणार नाहीत. भरपाईच्या दाव्यांचे निकाल, कामगार राज्य विमा योजनेखालील अपंगत्वाच्या नोंदी आणि सार्वजनिक रुग्णालयांच्या अपघात विभागांतील वह्या, ही त्याची साधने होत. त्यांत जखमेची जागा व वेळ नोंदलेली असते. पाळीच्या कोणत्या तासास, आठवड्याच्या कोणत्या दिवशी आणि मागणीच्या कोणत्या हंगामात, उदाहरणार्थ दिवाळी वा लग्नसराईच्या आधी, बोटे अधिक जातात, हे त्यांवरून ताडता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेतल्यास त्याने जखमेच्या नोंदीबरोबर मजुरीची पद्धत आणि त्या वेळी गाळ्यावर देखरेख कोणाची होती, हे दोन रकाने स्वतः आखून घ्यावेत. ते कोणत्याही सरकारी नमुन्यात छापलेले मिळणार नाहीत.